कंपनीने भरलेला आयुर्विम्याचा हप्ता: कोकणातल्या छोट्या व्यवसायासाठी कराचा पूर्ण हिशेब

मार्चचा तिसरा आठवडा होता. कुडाळजवळच्या एका काजू कारखान्याचे कागद माझ्या टेबलावर होते, नेहमीसारखे आंब्याच्या रिकाम्या पेटीत भरून आणलेले. टॅलीत ‘इन्शुरन्स’ नावाचं एकच खातं. त्यात शेडचा आगीचा विमा, टेम्पोचा विमा, बॉयलरचा विमा, गोदामातल्या कच्च्या बियांचा विमा आणि या सगळ्यांत मिसळून गेलेली एक नोंद: साठ हजार रुपये, आयुर्विमा. पावती काढून बघितली. पॉलिसी संचालकांच्या स्वतःच्या नावावर, नॉमिनी पत्नी, पैसे मात्र कंपनीच्या चालू खात्यातून गेलेले. विचारलं तर म्हणाले, “कंपनी माझीच मा? मगे हप्तो कंपनीन भरल्यान तर काय बिघाडला?”

बिघडतं ते असं. आयकर कायद्याच्या नजरेत कंपनी वेगळी आणि तिचा मालक वेगळा. कंपनीचे शंभर टक्के शेअर एकाच घरात असले तरी हे बदलत नाही. शेडच्या विम्याचे पैसे कंपनीला मिळतात, म्हणून तो हप्ता कंपनीचा खर्च. या साठ हजारांच्या पॉलिसीचे पैसे घरी जाणार, म्हणून तो हप्ता कंपनीचा खर्च होऊच शकत नाही. आयुर्विम्याच्या हप्त्याचा सगळा करहिशेब एका प्रश्नावर उभा आहे: उद्या माणूस गेला तर पैसे कोणाच्या हातात पडणार? आधी याचं उत्तर शोधायचं, मग खातं उघडायचं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे उलट होतं. मार्चअखेरीला कर वाचवायचा म्हणून पॉलिसी घेतली जाते आणि ती कोणासाठी, हा प्रश्न क्लेमच्या दिवशी समोर येतो.

कलमांच्या आकड्यांबद्दल सुरुवातीलाच सांगतो. १९६१च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ आला आहे आणि तो १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत; ८०सी ही आपली ओळखीची वजावट आता कलम १२३ मध्ये गेली आहे. खाली मी कलमांचे आणि फॉर्मचे जुनेच आकडे वापरतो, कारण निकाल, परिपत्रकं आणि सगळ्यांची जीभ अजून त्याच आकड्यांवर आहे.

पहिली पायरी: पॉलिसीवरची तीन नावं वाचा

पॉलिसीचं बाड उघडा आणि तीन नावं कागदावर उतरवून घ्या. प्रस्तावक कोण, म्हणजे पॉलिसीचा मालक कोण. विमा कोणाच्या जिवावर आहे. आणि पैसे कोणाला मिळणार: नॉमिनी, की पॉलिसी कोणाच्या नावे असाइन, म्हणजे हस्तांतरित, केली आहे. हप्ता कोणाच्या खात्यातून गेला हे चौथं, पण त्याला पहिल्या तिघांइतकं वजन नाही.

मालक कंपनी आणि पैसेही कंपनीला, तर ती कीमन पॉलिसी. मालक कामगार, पैसे त्याच्या घरच्यांना आणि हप्ता पगाराचा भाग म्हणून कंपनीने भरलेला, तर तो पगार. मालक स्वतः संचालक, पैसे बायकामुलांना आणि हप्ता नुसताच कंपनीतून उचललेला, तर तो घरखर्च. तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

दुसरी पायरी: कीमन पॉलिसी नक्की कोणासाठी, ते ठरवा

कीमन म्हटलं की लोकांना मुंबईतला कोट-टाय घातलेला मॅनेजिंग डायरेक्टर आठवतो. आपल्या किनाऱ्यावर तो माणूस वेगळाच असतो. काजूच्या कारखान्यात जो नुसत्या बोटांनी गर चाचपून ग्रेड लावतो आणि ज्याच्या शब्दावर व्यापारी माल उचलतात, तो कीमन. कॅनिंगमध्ये आमरसाची आंबटगोडी आणि बॉयलरची वाफ दोन्ही ज्याला कळतात, तो मास्टर कीमन. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर मासळी कुठे लागेल हे पाण्याच्या रंगावरून सांगणारा तांडेल हा तर अगदी अस्सल कीमन. तो गेला तर बोट बंदराला बांधून ठेवावी लागते.

कायद्याची व्याख्याही एवढीच रुंद आहे. एकाने दुसऱ्याच्या जिवावर घेतलेला विमा, आणि तो दुसरा कर्मचारी असला पाहिजे, पूर्वी असला पाहिजे, किंवा धंद्याशी कोणत्याही प्रकारे जोडलेला असला पाहिजे. म्हणजे पगाराऐवजी वाट्यावर काम करणारा तांडेलही त्यात बसतो. विमा कंपनी त्याच्या उत्पन्नाचा पुरावा मागेल, म्हणून त्याचा वाटा रोखीने हातात न देता बँकेतून द्यायची सवय दोन-तीन वर्षं आधीच लावून घ्या.

कीमन म्हणून आता शुद्ध मुदत विमाच मिळतो, ज्याला सगळे टर्म म्हणतात. विमा नियामकाने २००५ मध्ये सूचना काढून हे बंधन घातलं. ‘कंपनीतून भरा, पंधरा वर्षांनी बोनससकट परत घ्या’ असं कुणी कीमनच्या नावाने सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

हप्त्याची वजावट कलम ३७(१) खाली मिळते. १८ फेब्रुवारी १९९८ च्या ७६२ क्रमांकाच्या परिपत्रकात प्रत्यक्ष कर मंडळानेच कीमनचा हप्ता धंद्याचा खर्च म्हणून मान्य असल्याचं सांगितलं आहे. अट नेहमीचीच: खर्च पूर्णपणे धंद्यासाठी हवा, भांडवली नको, खासगी नको.

एक अडचण घरच्या कंपन्यांत हमखास येते. ज्याचा विमा घ्यायचा त्याचाच हिस्सा ५१ टक्क्यांच्या वर असेल तर अनेक विमा कंपन्या कीमन द्यायला तयार होत नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो माणूस आणि कंपनी एकच. हे कराचं बंधन नाही, विमा देणाऱ्याचं आहे. दोन भावांची कंपनी निम्म्या-निम्म्या हिश्शाची असेल तर वाट मोकळी असू शकते. एकाच्या नावावर ९० टक्के असतील तर प्रस्ताव भरण्याआधी हे विचारून घ्या, नाहीतर वैद्यकीय तपासण्या होऊन शेवटी नकार येतो.

तिसरी पायरी: मिळणाऱ्या पैशावर कर धरूनच रक्कम ठरवा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि पॉलिसी विकताना ती क्वचितच सांगितली जाते. कीमन पॉलिसीचे पैसे कंपनीला मिळाले की ते कलम २८(vi) खाली धंद्याचं उत्पन्न धरले जातात. माणूस वारला म्हणून मिळाले तरीही. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की मृत्यूनंतर मिळणारे विम्याचे पैसे करमुक्त. घरच्या पॉलिसीला ते लागू आहे. कीमनला त्या करमाफीच्या कलम १०(१०डी) मधून नाव घेऊन बाहेर ठेवलं आहे. शिवाय कंपनीने हप्त्याची वजावट घेतली होती की नव्हती, याने काहीही फरक पडत नाही.

आता आकड्यांत बघा. कंपनीने ११५बीएए, म्हणजे कंपन्यांसाठीचा कमी दराचा पर्याय, स्वीकारला असेल तर दर २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर, मिळून २५.१६८ टक्के. समजा एक कोटीची टर्म पॉलिसी आहे आणि हप्ता वर्षाला ३०,००० रुपये. वजावटीने वर्षाकाठी साधारण ७,५५० रुपये वाचतात, पंधरा वर्षांत सुमारे १ लाख १३ हजार. पंधराव्या वर्षी क्लेम आला तर त्या एक कोटीवर कर होतो २५ लाख १६ हजार ८०० रुपये. तीच पॉलिसी त्या माणसाने स्वतःच्या नावावर, घरासाठी घेतली असती तर कर शून्य.

म्हणून माझं ठाम मत आहे की कुटुंबाच्या सुरक्षेसाठीची पॉलिसी कंपनीत घालूच नये. लाखभर वाचवायला जाऊन पंचवीस लाख द्यायची वेळ येते, आणि तीही घरात दुःख असताना.

मग कीमन घ्यायचीच नाही का? घ्यायची. पण कंपनीला स्वतःला जो खड्डा पडणार आहे, तेवढ्यासाठी. खड्डे दोन प्रकारचे असतात आणि कराच्या बाबतीत ते सारखे नाहीत.

एक म्हणजे खर्चाचा. नवा मास्टर शोधायचा, त्याला जास्त पगार द्यायचा, हंगामात सौदे चुकल्यामुळे झालेला तोटा सोसायचा. हे सगळं मुळात वजावटीचंच आहे, म्हणून त्याच वर्षीच्या विम्याच्या पैशातून ते वजा होतं. मात्र माणूस फेब्रुवारीत गेला, पैसे मार्चमध्ये आले आणि खर्च पुढच्या हंगामात झाला, तर पुढचा तोटा मागच्या वर्षी नेता येत नाही. तो पुढेच ओढावा लागतो.

दुसरा कर्जाचा. कर्जाचं मुद्दल फेडणं हा खर्च नाही, त्याची वजावट नाही. म्हणून मुदत कर्जापोटी पॉलिसी घेताना कर्जाइतकीच रक्कम घेतली तर ती अपुरी पडते. ५० लाखांचं कर्ज कर भरूनही फिटायला हवं असेल तर ५० लाखाला ०.७४८३२ ने भागा: साधारण ६६ लाख ८२ हजारांची पॉलिसी हवी. भागीदारी संस्थेचा दर ३० टक्के आणि उपकर मिळून ३१.२ टक्के, म्हणून तिथे हाच आकडा सुमारे ७२ लाख ६७ हजार होतो, आणि त्या वर्षीचं एकूण उत्पन्न कोटीच्या वर गेलं तर अधिभार वेगळा. पॉलिसी बँकेकडे असाइन केलेली असेल तर जास्तच जपा. विमा कंपनी पैसे थेट बँकेला देते, कर्ज फिटतं, कंपनीच्या खात्यात एक रुपयाही येत नाही आणि कराची मागणी मात्र कंपनीच्या नावावर उभी राहते.

विमा कंपन्या मागितली तेवढी रक्कम देत नाहीत. गेल्या तीन वर्षांचा सरासरी नफा, त्या माणसाचा पगार असं पाहून त्या कमाल मर्यादा ठरवतात. विवरणपत्रात नफा दाबून दाखवायची सवय असेल तर इथे ती अंगाशी येते: कागदावर नफाच नाही, म्हणून विमाही नाही.

चौथी पायरी: जुनी ‘असाइन करून करमुक्त’ युक्ती विसरा

एके काळी कंपनी संचालकाच्या जिवावर बचतीची कीमन पॉलिसी घ्यायची, काही वर्षं हप्ते भरून वजावट घ्यायची आणि मग पॉलिसी त्याच संचालकाच्या नावे असाइन करायची. शेवटी पैसे मिळताना तो म्हणायचा, ही आता साधी पॉलिसी आहे, करमुक्त. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राजन नंदा प्रकरणात हे मान्यही केलं होतं. त्यानंतर २०१३ च्या वित्त कायद्याने व्याख्येतच वाक्य घातलं: मुदतीत कधीही, मोबदला घेऊन किंवा न घेता, दुसऱ्याच्या नावे केलेली कीमन पॉलिसी ही कीमनच राहते.

याचा आजही घात होतो तो असा. मास्टर नोकरी सोडून गेला, मालक मनाने चांगला, म्हणाला, पॉलिसी वाया कशाला घालवायची, याच्याच नावावर करून देऊ. टर्म पॉलिसीला सरेंडर किंमत, म्हणजे मध्येच बंद केली तर परत मिळणारी रक्कम, नसते, म्हणून त्या दिवशी कर काही लागत नाही आणि सगळे खूश. पण पुढे तो माणूस गेला तर त्याच्या घरच्यांना मिळणाऱ्या रकमेवरची करमाफी हुकलेली असते. म्हणून माणूस तरुण आणि धडधाकट असेल तर त्याला त्याच्या नावावर नवी पॉलिसी घ्यायला लावा आणि कंपनीची पॉलिसी बंद होऊ द्या. नवी हातात पडल्याशिवाय जुनी मात्र सोडू नका.

पाचवी पायरी: कामगारांसाठी हप्ता भरायचा असेल तर

कामगाराच्या घराला आधार म्हणून कंपनीने हप्ता भरला की तो कलम १७(२)(v) खाली त्याच्या पगारातला लाभ, म्हणजे पर्क्विझिट. कंपनीला पगारासारखी पूर्ण वजावट, कामगाराच्या उत्पन्नात तेवढी भर आणि फॉर्म १६ मध्ये नोंद. जुनी करपद्धत घेतली असेल तर त्या हप्त्यावर त्याला ८०सी खाली दीड लाखाच्या मर्यादेत वजावटही मिळते. १ एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसींना हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांच्या आत हवा, एवढी अट. नव्या पद्धतीत ८०सी नाही.

ऐकायला हे त्रासाचं वाटतं, पण आपल्याकडच्या पगारांत ते बहुधा फुकटात पडतं. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट आहे आणि पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी. महिना पंचवीस-तीस हजार मिळवणाऱ्या ग्रेडरच्या पगारात दहा हजारांचा हप्ता मिसळला तरी त्याचा कर शून्यच राहतो. कंपनीला पूर्ण खर्च, माणसाला पूर्ण संरक्षण आणि घरच्यांना मिळणारे पैसे करमुक्त. छोट्या कंपनीसाठी आयुर्विम्याचा याहून स्वच्छ मार्ग मला माहीत नाही.

फक्त एक जपा: प्रस्तावक तो कामगारच हवा. कंपनीने प्रस्तावक होऊन नंतर त्याच्या नावे केली तर वरची कीमनची व्याख्या त्या पॉलिसीला चिकटते. नेमणूक पत्रात किंवा पगारवाढीच्या पत्रात एक ओळ घाला की अमुक रकमेपर्यंत आयुर्विम्याचा हप्ता कंपनी पगाराचा भाग म्हणून भरेल.

वीस किंवा जास्त माणसं असतील तर भविष्य निर्वाह निधीबरोबर ईडीएलआय, म्हणजे त्या निधीला जोडलेला कामगारांचा आयुर्विमा, आपोआप येतो. १९७६ ची ही योजना. मालक वेतनाच्या ०.५ टक्के भरतो, १५,००० च्या वेतनमर्यादेवर महिन्याला माणशी जास्तीत जास्त ७५ रुपये, आणि वारसांना कमाल ७ लाख मिळतात. अनेक कारखान्यांत मालक पंधरा वर्षं हे पैसे भरत असतो आणि कामगाराच्या बायकोला या योजनेचं नावही ठाऊक नसतं. नोटीस बोर्डावर मराठीत लावा.

बोटीवरच्या खलाशांसाठी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे: वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं संरक्षण, वय १८ ते ५०. तिचं वर्ष १ जून ते ३१ मे. १ जूनलाच पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते, खलाशी गावी जातात आणि खात्यात शिल्लक नाही म्हणून नूतनीकरण चुकतं. मेच्या शेवटच्या हिशेबातच प्रत्येकाच्या बँक खात्यात ही रक्कम जादा टाकत जा. दहा खलाशांचे ४,३६० रुपये होतात, आणि तो तुमचा मजुरीचाच खर्च आहे.

कंपनीने थेट गट विमा घेतला तर त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासूनची माफी वैयक्तिक पॉलिसींना आहे, गटाला नाही. या जीएसटीचं क्रेडिटही सहसा मिळत नाही, कारण जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये आयुर्विमा अडवलेला आहे. कायद्याने मालकावर तो विमा सक्तीचा केला असेल तरच सुटका. क्रेडिट नाही, तर तो जीएसटी हप्त्यातच मिळवून खर्चात टाकायचा.

सहावी पायरी: मालकाचा घरचा हप्ता कंपनीतून गेला असेल तर

आता कुडाळच्या त्या साठ हजारांकडे येऊ. मर्यादित भागधारकांच्या खासगी कंपनीत हे प्रकरण दुहेरी लागतं. कंपनीला वजावट नाही, कारण खर्च खासगी आहे. ऑडिट असेल तर ऑडिटरला ३सीडी या कर-ऑडिटच्या फॉर्ममध्ये खासगी खर्च वेगळा दाखवावाच लागतो. आणि दुसरी बाजू जास्त टोचणारी. कलम २(२२)(ई) म्हणतं की दहा टक्के किंवा जास्त मताधिकार असलेल्या भागधारकाच्या वतीने किंवा त्याच्या व्यक्तिगत फायद्यासाठी कंपनीने पैसे दिले तर, कंपनीकडे साठलेला नफा असेल तिथपर्यंत, ती रक्कम लाभांश मानली जाते. म्हणजे कंपनीने त्या रकमेवर कर भरायचा आणि तीच रक्कम मालकाच्या उत्पन्नातही मिळवून त्याच्या टप्प्याने पुन्हा कर. साठ हजारांत हे निभावतं. पण वर्षाला पाच-सहा लाखांचे हप्ते असे उचललेले मी पाहिले आहेत.

उपाय सोपा आहे आणि तो वर्ष सुरू होतानाच करायचा असतो. संचालक कंपनीत खरंच काम करतो, तर त्याचा पगार ठराव करून तेवढ्याने वाढवा. पगार त्याच्या खात्यात जाऊ दे, त्यावर टीडीएस कापा आणि हप्ता तो स्वतःच्या खात्यातून भरेल. कंपनीला पगाराची वजावट मिळते, पॉलिसी घरची राहते आणि मृत्यूनंतरची रक्कम करमुक्त राहते. १ एप्रिल २०२३ नंतरच्या पॉलिसींचे एकूण हप्ते वर्षाला ५ लाखांच्या वर गेले तर मुदतपूर्तीची रक्कम करपात्र होते, पण मृत्यूच्या दाव्याला तीही अट लागत नाही.

कंपनीच्या कर्जाला संचालकाने वैयक्तिक हमी दिलेली असते, आपल्याकडे बहुधा घरासकट. अशा माणसाने घरची टर्म पॉलिसी घेताना विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा कायदा, १८७४ याच्या कलम ६ खाली घ्यावी. प्रस्तावाच्या वेळीच एक पुरवणी भरून द्यावी लागते, नंतर ते करता येत नाही. मग ते पैसे बायकोमुलांच्या ट्रस्टचे होतात आणि घेणेकऱ्यांना त्यावर सहसा हात टाकता येत नाही. कारखाना बुडाला तरी एवढं घराकडे राहतं.

भागीदारी, एकट्याचा धंदा आणि बागायत

भागीदारी संस्थेने भागीदाराच्या जिवावर घेतलेल्या कीमनचा हप्ता वजावटीला पात्र आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये बी. एन. एक्स्पोर्ट्स प्रकरणात दिला आहे. आपला किनारा याच न्यायालयाखाली येतो, म्हणून हा निर्णय हाताशी असू द्या. भागीदाराचा घरचा हप्ता संस्थेतून गेला तर तो त्याच्या उचलीत, म्हणजे भांडवल खात्याला नावे टाकायचा.

एकट्याच्या धंद्यात स्वतःवर कीमन होत नाही. व्याख्येतच ‘दुसरी व्यक्ती’ आहे. स्वतःचा हप्ता ८०सीमध्ये, तोही जुन्या पद्धतीत. तांडेलावर किंवा मास्टरवर मात्र घेता येते. ४४एडी खाली उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के ठोक नफा दाखवणाऱ्यांना हप्त्याची वेगळी वजावट मिळत नाही, तो त्या ठोक टक्केवारीत आलाच.

बागायत आणि कॅनिंग एकाच कंपनीत असेल तर हप्त्याची वाटणी करावी लागते. हापूसच्या बागेचं उत्पन्न करमुक्त आहे आणि करमुक्त उत्पन्नासाठीचा खर्च कलम १४ए खाली अमान्य होतो. ज्याच्यावर विमा घेतला तो बाग आणि कारखाना दोन्ही बघत असेल तर त्याच्या वेळेचं प्रमाण ठरावात आधीच लिहून ठेवा. समुद्रातली मासेमारी शेती धरली जात नाही, तिथे हा प्रश्न येत नाही.

कागद

संचालक मंडळाच्या ठरावात नुसतं ‘विमा घेण्याचं ठरलं’ असं लिहू नका. अमुक माणूस काय काम करतो, तो नसेल तर कंपनीचं काय नुकसान होईल, रक्कम कशी काढली आणि पैसे कंपनीलाच मिळतील, हे चार मुद्दे चार वाक्यांत उतरवा. पाच वर्षांनी करनिर्धारणात प्रश्न आला तर उत्तर त्या ठरावानेच द्यायचं असतं. त्याबरोबर तीन वर्षांचे ताळेबंद आणि विवरणपत्रं, कंपनीचं घटनापत्र, त्या माणसाची लेखी संमती आणि प्रस्ताव अर्जाची प्रत. टॅलीत तीन खाती वेगळी करा: मालमत्तेचा विमा, कीमन विमा, कर्मचारी लाभ. मार्चमध्ये भरलेल्या वार्षिक हप्त्याचा पुढच्या वर्षाचा भाग आगाऊ खर्चात ठेवा.

आणि सगळ्याच्या प्रती स्कॅन करून गावाबाहेर कुठेतरी ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी भरलं, तेव्हा लोकांच्या पॉलिसींचा अक्षरशः लगदा झाला होता. एका ग्राहकाच्या दुकानात मी ओल्या पावत्या दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेल्या पाहिल्या. शाई उडाली होती, फक्त पॉलिसी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे दिसत होते.

क्लेम आला त्या वर्षी

पैसे ज्या वर्षी मिळतील त्या वर्षीचं उत्पन्न. ते थेट राखीव निधीत टाकून नफातोटा पत्रकाबाहेर ठेवलं तरी ३सीडी मध्ये कलम २८ खालची रक्कम म्हणून ऑडिटरला ते लिहावंच लागतं. विमा कंपनीने १९४डीए खाली टीडीएस कापला आहे का ते २६एएस या कापलेल्या कराच्या पत्रकात बघा. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर २ टक्के आहे. खरा कर त्याहून कितीतरी जास्त, म्हणून उरलेल्या हप्त्यांत आगाऊ कर भरा: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. पैसे आल्याच्या दिवशीच कराएवढी रक्कम वेगळ्या मुदत ठेवीत टाका. दुःखाच्या दिवसांत चालू खात्यातले पैसे कसे संपतात ते कळत नाही.

कुडाळच्या त्या कारखान्यात आम्ही ३१ मार्चच्या आत साठ हजार संचालकांकडून कंपनीत परत भरून घेतले आणि नोंद फिरवली. एप्रिलपासून पगार वाढवला, त्यांचा हप्ता आता त्यांच्याच बचत खात्यातून जातो. कंपनीच्या नावाने पहिली कीमन पॉलिसी घेतली ती ग्रेडिंगच्या टेबलावर बावीस वर्षं बसणाऱ्या बाईंच्या जिवावर. प्रस्तावावर सही करायला बोलावलं तेव्हा त्यांनी आधी काजूच्या तेलाने काळवंडलेली बोटं पदराला पुसली आणि विचारलं, “ह्ये पैशे माका की कंपनीक?” कंपनीला, असं सांगितलं. “मगे माझ्या पोरांक काय?” त्याच आठवड्यात त्यांच्या नावावरची दुसरी पॉलिसी निघाली, पगारातली.